पेट्रोल व डिझेल मोटारींची प्रत्यक्ष इंधनकार्यक्षमता : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

मोटार खरेदीच्या वेळी महाराष्ट्रातील ग्राहक विक्रेत्याला जो प्रश्न हमखास विचारतो तो म्हणजे, "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" एक लिटर इंधनात वाहन किती किलोमीटर अंतर कापते, याला बोलीभाषेत 'अ‍ॅव्हरेज' हे नाव पडले असून हा शब्द आता मराठीतच जमा झाला आहे. या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे ठरलेले होते : पेट्रोलची गाडी घेताना स्वस्त, डिझेलची गाडी चालवताना स्वस्त, पेट्रोल शहरासाठी, डिझेल महामार्गासाठी. १९९८ च्या अखेरीस आलेली टाटा इंडिका आणि २००७ मध्ये आलेली मारुती स्विफ्टची डिझेल आवृत्ती यांनी डिझेल इंजिन मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात आणून उभे केले. तोपर्यंत मुख्यतः मालमोटार, एस.टी. आणि जीप यांच्यापुरते मर्यादित असलेले हे इंधन प्राध्यापक, डॉक्टर, छोटे व्यावसायिक यांच्या मासिक जमाखर्चात येऊन बसले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली, त्याच वेळी मारुती सुझुकीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले आणि लहान डिझेल मोटार बाजारातून जवळपास नाहीशी झाली. मात्र जुने सूत्र लोकांच्या मनातून गेलेले नाही. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात आणि मोठ्या एसयूव्हींच्या खरेदीत ते आजही निर्णायक ठरते.

हे सूत्र कितपत खरे आहे, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. डिझेल मोटार प्रतिलिटर अधिक अंतर कापते, याविषयी वाद नाही. परंतु त्या आधिक्याचा मोठा हिस्सा इंजिनाच्या गुणवत्तेचा नसून 'लिटर' या मापाचा आहे. आणि उरलेला हिस्सा, जो खरोखर इंजिनाचा आहे, तो लोकसमजुतीच्या उलट महामार्गावरील भरधाव प्रवासापेक्षा शहरातील मंद, अडखळत्या प्रवासात अधिक दिसून येतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. असे असूनही शहरासाठी डिझेल मोटार घेणे आज बहुधा शहाणपणाचे ठरत नाही. त्याची कारणे निराळी आहेत.

लिटर हे माप आणि त्यातील ऊर्जा :

इंधन पंपावर घनफळाने विकले जाते. इंजिनाला मात्र घनफळाशी कर्तव्य नसते. त्याला हवी असते ती इंधनातील रासायनिक ऊर्जा. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारणतः पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते, तर एक लिटर डिझेलचे ०.८२ ते ०.८४५ किलोग्रॅम. प्रतिकिलो ऊष्मांक दोन्ही इंधनांचा जवळपास सारखाच आहे. परिणामी एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल, तर एक लिटर डिझेलमधून सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. सारांश, डिझेलचा लिटर हा पेट्रोलच्या लिटरपेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी 'मोठा' आहे. एकाच आकाराच्या दोन पोत्यांपैकी एकात ज्वारी आणि दुसऱ्यात लाह्या भराव्यात आणि पोत्यामागे किती माणसे जेवली याची तुलना करावी, तसा काहीसा हा प्रकार आहे. फरक अर्थातच इतका मोठा नाही.

शासकीय धोरणाने ही बाब केव्हाच मान्य केली आहे. मोटारींच्या सरासरी इंधनवापरासंबंधी २०१५ मध्ये केंद्र शासनाने जी मानके अधिसूचित केली, त्यांत डिझेलच्या लिटरला सुमारे १.१२ ने गुणून त्याचे 'पेट्रोल-समतुल्य' लिटरमध्ये रूपांतर केले जाते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकात मात्र हे रूपांतर नसते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०१८ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टच्या पेट्रोल आवृत्तीची प्रमाणित इंधनकार्यक्षमता लिटरला २२ किलोमीटर, तर डिझेल आवृत्तीची २८.४ किलोमीटर होती. म्हणजे डिझेल मोटार २९ टक्क्यांनी सरस दिसते. परंतु २८.४ ला १.१२ ने भागले असता पेट्रोल-समतुल्य आकडा सुमारे २५.४ येतो आणि ऊर्जेच्या हिशेबाने डिझेलचे आधिक्य सुमारे १५ टक्क्यांवर येते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीतही हेच घडते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३७ किलोग्रॅम, तर एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.६५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या हिशेबाने पेट्रोल स्विफ्टचे उत्सर्जन किलोमीटरमागे सुमारे १०८ ग्रॅम आणि डिझेल स्विफ्टचे सुमारे ९३ ग्रॅम भरते. फरक आहे, पण तो २९ टक्क्यांचा नाही. साडेतेरा टक्क्यांच्या आसपासचा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ग्राहक ऊर्जा विकत घेत नाही, लिटर विकत घेतो. मग त्याला मेगाज्यूलशी काय करायचे? खिशाच्या दृष्टीने हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचा विचार पुढे पैशाच्या हिशेबात केला आहे. परंतु "डिझेल इंजिन तीस टक्क्यांनी अधिक कार्यक्षम असते" असे जेव्हा वर्गात किंवा वृत्तपत्रात सांगितले जाते, तेव्हा ते विधान इंजिनाविषयी असते, पंपाविषयी नव्हे; आणि त्या अर्थाने ते चुकीचे आहे.

इंजिनाचे वास्तविक आधिक्य कोठे आहे :

रूडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा त्याची औष्णिक कार्यक्षमता सुमारे २६ टक्के आढळली. त्या काळातील वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ती विलक्षण होती. त्यामागील एक कारण पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित आहे : डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे संपीडन गुणोत्तर मोठे, आजच्या मोटारींत साधारणतः १५ ते १८ इतके, ठेवावे लागते. पेट्रोल इंजिनात ते सामान्यतः ९ ते १२ च्या दरम्यान असते. त्याहून फार वाढविल्यास मिश्रण अवेळी पेट घेऊन इंजिन 'नॉक' करू लागते. गुणोत्तर जितके मोठे, तितका ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूंचा विस्तार अधिक आणि तितकी कार्यक्षमता जास्त.

दुसरे कारण तितकेसे परिचित नाही. दैनंदिन वापरात मात्र तेच अधिक महत्त्वाचे आहे. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण जवळपास निश्चित, वजनाने १४.७ ला १ असे, राखावे लागते. धुराड्यातील त्रिमार्गी उत्प्रेरक याच प्रमाणावर नीट काम करतो. त्यामुळे शक्ती कमी हवी असेल तेव्हा इंधन कमी करून भागत नाही, हवाही कमी करावी लागते. यासाठी हवेच्या मार्गात थ्रॉटल झडप असते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलला की ही झडप मिटत जाते आणि दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने अर्धवट दाबून धरावे आणि दट्ट्या मागे ओढावा, म्हणजे या श्रमाची कल्पना येते. ही शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. इंजिन ती स्वतःच्या श्वासोच्छ्वासावर खर्च करते.

डिझेल इंजिन शक्तीचे नियमन हवेने नव्हे तर इंधनाने करते. हवा भरपूर घ्यावी आणि हवे तेवढेच इंधन फवारावे, ही त्याची रीत. काही आधुनिक डिझेल इंजिनांतही हवेच्या मार्गात झडप असते, पण ती वायूंचे पुनर्चक्रण व इतर कामांसाठी. शक्तीचे नियमन तिच्यावर अवलंबून नसते. म्हणून भार कमी असताना, म्हणजे सिग्नलवर इंजिन नुसते सुरू असताना, वाहतुकीच्या कोंडीत सरपटताना, सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनाच्या तुलनेत फारच कमी इंधन खाते. याउलट पूर्ण भाराजवळ पेट्रोल इंजिनाची झडप जवळपास सताड उघडी असते, ओढण्याचे श्रम उरत नाहीत आणि दोन इंजिनांतील अंतर घटते. सर्वोत्तम स्थितीत चांगल्या पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता ३५ ते ३८ टक्क्यांपर्यंत, तर मोटारीतील डिझेल इंजिनाची चाळिशीच्या किंचित पुढे जाते. अंशभारावर ही दरी याहून पुष्कळ रुंदावते.

तात्पर्य, 'डिझेल महामार्गासाठी' हे सूत्र इंजिनाच्या भौतिकीतून निघत नाही. ते निघाले ते अर्थकारणातून : जो अधिक फिरतो त्याचे जास्तीचे पैसे लवकर वसूल होतात आणि अधिक फिरणारा बहुधा महामार्गावर असतो. कारण एक आणि स्पष्टीकरण दुसरेच, असे लोकज्ञानात पुष्कळदा घडते.

याच इंधन-काटकसरीला एक किंमतही आहे. भरपूर हवेत, उच्च तापमानाला होणाऱ्या ज्वलनात नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक तयार होतात आणि हवा जास्त असल्यामुळे पेट्रोल मोटारीतील साधा त्रिमार्गी उत्प्रेरक ती नष्ट करू शकत नाही. इंधन फवाऱ्याच्या गाभ्यात हवा अपुरी पडते तेथे काजळी तयार होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण याच पेचातून उद्भवले : चाचणीच्या वेळी ऑक्साइडे आटोक्यात ठेवणारी आणि रस्त्यावर ती मोकळी सोडणारी संगणकप्रणाली मोटारींत बसविण्यात आली होती. डिझेल मोटारीचे 'अ‍ॅव्हरेज' कितीही आकर्षक असले, तरी तिच्यामागे चालणाऱ्या माणसाच्या श्वासाविषयी तो आकडा काहीही सांगत नाही.

चाचणीचा आकडा आणि रस्त्यावरील आकडा :

भारतात माहितीपत्रकातील आकडा 'सुधारित भारतीय चालनचक्र' या पद्धतीने मिळविला जातो. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख होय. म्हणून लोक त्या आकड्यालाच 'एआरएआय मायलेज' म्हणतात. (या चालनचक्राची इंग्रजी आद्याक्षरे एमआयडीसी अशी होतात. महाराष्ट्रातील वाचकांचा औद्योगिक वसाहतीशी घोटाळा होऊ नये म्हणून हा खुलासा.) या चाचणीत मोटार रस्त्यावर धावतच नाही, फिरत्या रुळांवर उभी राहून ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग घेते आणि सोडते. मूळ आराखडा जुन्या युरोपीय चालनचक्राचा. त्यात भारतीय परिस्थितीसाठी कमाल वेग ताशी ९० किलोमीटरवर आणला आहे. मूळ युरोपीय चक्राच्या शहरी भागात मोटार शून्यापासून ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठण्यास २६ सेकंद घेते. हा वेग इतका मंद आहे, की प्रत्यक्षात असे चालविणाऱ्याच्या मागे हॉर्नचा गजर होईल. वातानुकूलन यंत्र बंद असते, चढउतार नसतात.

या चाचणीचा हेतू दोन मोटारींची एकाच कसोटीवर तुलना करणे हा आहे. तेवढ्यापुरती ती उपयुक्तही आहे. परंतु तिची मर्यादा रस्ते बदलताच उघडी पडते. ५ जून २०२५ रोजी अखेरच्या टप्प्यासह पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी सपाट भागातील वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर जाताच तो सुमारे १.७८ पट होतो. म्हणजे नागपूर-मुंबई प्रवासाचा मोठा भाग अशा वेगाने होऊ शकतो, जो या चाचणीत एकदाही येत नाही. त्या प्रवासानंतर "कंपनीने फसवले" अशी तक्रार ऐकू येते. फसवणूक नसते, निराळ्याच प्रश्नाचे उत्तर ग्राहकाने आपल्या प्रश्नाला जोडलेले असते.

युरोपात या दरीची पद्धतशीर मोजणी झाली आहे. स्वच्छ वाहतुकीविषयी काम करणाऱ्या आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने चालकांच्या प्रत्यक्ष नोंदींची प्रमाणित आकड्यांशी तुलना केली. २००१ मध्ये प्रत्यक्ष वापर प्रमाणित आकड्यापेक्षा सरासरी सुमारे ९ टक्के अधिक होता. २०१५ पर्यंत ही तफावत सुमारे ४२ टक्क्यांवर गेली. मोटारी रस्त्यावर जितक्या सुधारल्या, त्याहून अधिक त्या चाचणीत सुधारल्या, असा याचा अर्थ. त्यानंतर २०१७ पासून युरोपने अधिक वास्तववादी अशी नवी चाचणी स्वीकारली. ती १,८०० सेकंदांची असून तिचा कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर आहे. शिवाय नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनवापर नोंदविणारी यंत्रणा बंधनकारक केली. या नोंदींवर आधारित युरोपीय आयोगाचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या मोटारींत प्रत्यक्ष वापर प्रमाणित आकड्यापेक्षा पेट्रोलच्या बाबतीत २३.७ टक्क्यांनी, तर डिझेलच्या बाबतीत १८.१ टक्क्यांनी अधिक आढळला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या दोन आकड्यांतील फरक महत्त्वाचा आहे. दोन्ही मोटारी रस्त्यावर प्रमाणित आकड्याच्या मागे पडतात, पण पेट्रोल मोटार जरा अधिक मागे पडते. १.२३७ ला १.१८१ ने भागल्यास असे दिसते, की युरोपीय रस्त्यांवर डिझेलचे सापेक्ष आधिक्य माहितीपत्रकात दिसते त्याहून सुमारे पावणेपाच टक्के जास्त भरते. युरोपातील हवामान, वेग आणि चाचणीपद्धती भिन्न असल्याने हा आकडा जसाच्या तसा भारताला लावता येणार नाही. दिशा मात्र तो स्पष्टपणे दाखवितो. जोरात वेग घेताना व मोठ्या भारावर टर्बो पेट्रोल इंजिनाला अतिउष्णतेपासून स्वतःला वाचविण्यासाठी जादा इंधन सोडावे लागते, हे त्याचे एक कारण मानता येईल. घाट चढताना भरलेल्या टर्बो पेट्रोल एसयूव्हीच्या पडद्यावरील आकडा झरझर खाली येतो, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते.

'अ‍ॅव्हरेज' शब्दातील चूक :

किलोमीटर प्रतिलिटर हे माप मुळातच मनाची दिशाभूल करणारे आहे. एखादी मोटार ५० किलोमीटर शहरात लिटरला १० आणि ५० किलोमीटर महामार्गावर लिटरला २० अशी धावली, तर तिचे 'अ‍ॅव्हरेज' १५ असे बहुतेक जण सांगतील. प्रत्यक्षात शहरात ५ आणि महामार्गावर अडीच असे साडेसात लिटर इंधन लागले. १०० भागिले साडेसात म्हणजे १३.३. अंतरे समान असताना येथे अंकगणिती नव्हे तर हरात्मक मध्य घ्यावा लागतो. म्हणजे 'अ‍ॅव्हरेज' या शब्दातच चुकीच्या सरासरीचे आमंत्रण दडलेले आहे.

दुसरा भ्रम याहून महागात पडतो. लिटरला १० चे १२ झाले आणि लिटरला २० चे २४ झाले, या दोन्ही सुधारणा २० टक्क्यांच्याच. परंतु हजार किलोमीटरमागे पहिलीत १६.७ लिटर वाचतात आणि दुसरीत ८.३. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला आणि इंधनवापर ठराविक अंतरामागे सांगावा, असे सुचविले. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर, असेच सांगतात. या दृष्टीने पाहिले, तर डिझेलचा लाभ लहान, मुळातच काटकसरी मोटारीत सर्वांत कमी आणि जड मोटारीत सर्वांत जास्त असतो. आपल्या बाजारात एकेकाळी डिझेलची मोठी लाट आली ती नेमकी लहान मोटारींत.

मोजणीची रीत :

प्रत्यक्ष तुलना करावयाची झाल्यास मोजणी विश्वसनीय हवी. डॅशबोर्डवरील आकडा हा इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून संगणकाने बांधलेला अंदाज असतो आणि तो बहुधा उदार असतो. टाकीपासून टाकीपर्यंत मोजणे ही जुनी रीतच अधिक भरवशाची. पण तिच्यातही टाकी प्रत्येक वेळी सारखीच भरली असे मानणे धोक्याचे आहे. नळी आपोआप थांबते तो क्षण पंपागणिक आणि उतारागणिक बदलतो. लिटरभराचा फरक सहज पडतो. दहा लिटर भरून केलेल्या मोजणीत ही चूक दहा टक्क्यांची होते, म्हणजे ज्या फरकाचा शोध घ्यावयाचा त्याच्याइतकीच. उपाय सोपा आहे. पाच-सहा वेळा भरलेल्या इंधनाची बेरीज करून एकूण अंतराला भागावे. मधल्या भरण्यांतील चुका परस्परांत जिरतात, फक्त पहिल्या आणि अखेरच्या पातळीतील चूक उरते आणि दीडशे लिटरमध्ये ती एका टक्क्याच्या आत येते. पहाटे थंडीत पेट्रोल भरल्यास अधिक मिळते, हा सल्ला मात्र सोडून द्यावा. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तेथील तापमान दिवसभरात नाममात्रच बदलते.

पैशाचा हिशेब :

भारतात डिझेल मोटारीचे आकर्षण इंजिनाने जितके निर्माण केले, त्याहून अधिक ते दरपत्रकाने निर्माण केले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे राहिले. मे २०१२ च्या दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१ रुपये लिटर होते. शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि मालवाहतुकीसाठी दिलेली सवलत मोटारमालकाच्या टाकीत जात होती. फेब्रुवारी २०१० मध्येच किरीट पारीख समितीने डिझेल वाहनांवर ८० हजार रुपयांचा अतिरिक्त उत्पादन शुल्क सुचविला होता. तो स्वीकारला गेला नाही. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर थोडेथोडे वाढविण्यात आले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले.

समजा, प्रत्यक्ष वापरात पेट्रोल मोटार लिटरला १६ आणि तशीच डिझेल मोटार लिटरला २० किलोमीटर जाते. दिल्लीच्या मे २०१२ च्या दरांनी किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ४.५७ आणि २.०५ रुपये येतो. बचत अडीच रुपयांची. २०२४ च्या उत्तरार्धात मुंबईत पेट्रोल सुमारे १०३ आणि डिझेल सुमारे ९० रुपये होते. त्या दरांनी खर्च ६.४४ आणि ४.५० रुपये येतो, बचत १.९४ रुपये. बारा वर्षांत सर्व काही महागले, आणि डिझेलची किलोमीटरमागची बचत मात्र रुपयांतसुद्धा घटली.

आता खरेदीची बाजू पाहू. पेट्रोल मोटार ८ लाखांची आणि डिझेल मोटार सव्वानऊ लाखांची आहे, असे धरू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक मोटारीवर एकरकमी वाहनकर पेट्रोलसाठी ११ टक्के, तर डिझेलसाठी १३ टक्के आहे. म्हणजे कर ८८,००० ऐवजी १,२०,२५० रुपये. सव्वा लाखाचा फरक नोंदणी होईपर्यंत १,५७,२५० रुपयांवर जातो. किलोमीटरमागे १.९४ रुपयांच्या बचतीने तो भरून निघण्यास सुमारे ८१ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणाऱ्यास चार वर्षे, महाविद्यालय ते घर आणि सुट्टीत गाव असे ८ हजार किलोमीटर फिरणाऱ्यास दहा वर्षे. या दुसऱ्या ग्राहकाची वार्षिक बचत सुमारे साडेपंधरा हजार रुपये. तीच जास्तीची रक्कम आठ टक्के दराने ठेवली असती, तर वर्षाला साडेबारा हजार रुपये व्याज आले असते. निव्वळ लाभ तीन हजारांचा उरतो आणि तोही डिझेल इंजिनाची एखादी मोठी दुरुस्ती न निघाल्यास.

शहरातील अंशभारावर डिझेल सरस, हे भौतिकीचे उत्तर बीएस-६ नंतर व्यवहारात अडते ते येथेच. काजळी अडविणारा गाळक धुराड्यात बसविल्यापासून ती काजळी ठरावीक काळाने जाळावी लागते. त्यासाठी जादा इंधन फवारून गाळकाचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ही क्रिया पूर्ण होत नाही. पुन्हापुन्हा सुरू होते आणि अर्धवट थांबते. जळलेले इंधन अंतरात उतरत नाही, शिवाय गाळक तुंबण्याची भीती. अशा ग्राहकाने डिझेल टाळणेच इष्ट.

दरम्यान पेट्रोल इंजिनाने आपले दुबळे स्थान झाकण्याचा मार्ग शोधला. हायब्रिड मोटारीत अंशभाराचे काम विजेची मोटर करते आणि इंजिन त्याला मानवणाऱ्या भारावरच चालविले जाते. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड आवृत्तीचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. म्हणजे आकाराने व वजनाने बऱ्याच मोठ्या मोटारीने, आणि तेही 'लहान' लिटरवर, २०१८ च्या डिझेल स्विफ्टला जवळपास गाठले. डिझेलचे क्षेत्र आता जड, सात आसनी, लांब पल्ल्याच्या आणि घाटवाटांच्या मोटारींपुरते उरले आहे. तेथे मात्र ते हटविणे सोपे नाही.

याच काळात पेट्रोलचा लिटरही पूर्वीचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर हे प्रमाण गाठले गेले. उसाच्या पट्ट्यातील साखर कारखान्यांना यातून आधार मिळाला, हे खरे. परंतु इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूलच ऊर्जा असते. त्यामुळे अशा मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची इंधनकार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी, तर १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींची १ ते २ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. त्यामुळे २०२० पूर्वीची पेट्रोल मोटार आणि त्याच वयाची डिझेल मोटार यांची आजची तुलना करताना जुन्या नोंदवहीतील पेट्रोलचा आकडा आहे तसा वापरता येत नाही. ती मोटार कोणत्या वर्षी बनली आणि टाकीत कोणते इंधन होते, या दोन गोष्टी आकड्याच्या शेजारी लिहून ठेवाव्या लागतात.